राजाच्या मोहिमेतले वाकडे धनुष्य

मित्रांनो, धनुष्य म्हटले की ते वाकलेले असायचेच, असे तुम्ही म्हणाल. पण दोरी उतरवली की चांगले धनुष्य पुन्हा सरळ होते. मी होत नाही. माझी दोरी उतरून कित्येक वर्षे झाली, तरी माझ्या पाठीतला वाक तसाच आहे. आता मी जुने झाले आहे. किडीने मला भोके पाडली आहेत आणि एका टोकाचे शिंग कधीच गळून पडले आहे. हा वाक मला लढाईत आला असे पुष्कळांना वाटते. खोटे कशाला सांगू? मी लढाई पाहिलेलीच नाही. तो वाक कसा आला, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेला ॲशकोम नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या चर्चच्या आवारात यू नावाचे एक फार जुने सदाहरित झाड होते. गावातली माणसे मेली की त्याच्या सावलीला पुरली जात. मी त्या झाडाची एक सरळ, जाडजूड फांदी होते. एका हिवाळ्यात मोठे वादळ झाले आणि मी कडाडून खाली आले. दुसऱ्या दिवशी छपरे शाकारणाऱ्याचा मुलगा गिल्बर्ट तिथे आला. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याने पाद्रीबाबांची परवानगी घेतली, मला खांद्यावर टाकले आणि पुरती एक सकाळ चालत सॉल्झबरीला बार्नबी धनुष्यवाल्याच्या दुकानात नेले.

बार्नबी हा दमेकरी म्हातारा होता. बोलताना मधेच थांबून तो श्वास गोळा करी. त्याने माझी साल नखाने खरवडली, वास घेतला आणि म्हणाला, "लाकूड बरं आहे. पण ओलं आहे. तीन वर्षांनी ये."

"तीन वर्षं?" गिल्बर्टचे तोंड उतरले.

"घाई असेल तर काठी घे एखादी. रस्त्यात पुष्कळ पडल्यात."

तीन वर्षे मी त्याच्या माळ्यावर वाळत पडले होते. मग एके दिवशी त्याने मला खाली काढले आणि तासायला घेतले. यूच्या लाकडात दोन थर असतात. बाहेरचा पांढरट थर ताण सोसतो आणि आतला तांबूस थर दाब सोसतो. बार्नबीने ते दोन्ही थर माझ्यात राखले. भिंतीतल्या खुंटीला मला अडकवून तो दोरी थोडी खाली ओढी, लांब उभा राहून माझा बाक पाही, पुन्हा जवळ येऊन चार कपचे काढी आणि पुन्हा लांब जाई. असे त्याने किती दिवस केले कुणास ठाऊक. शेवटी दोरी अडकवायला माझ्या दोन्ही टोकांना शिंग बसवले, अंगाला मेण आणि चरबी चोळली आणि मी गिल्बर्टच्या हाती आले. मी त्याच्यापेक्षा चांगले वीतभर उंच होते.

"काम झालं की दोरी उतरवायची," बार्नबी म्हणाला. "कायम ताणून ठेवलंस तर वर्षात मरेल. अन् याच्यावर कसला भार टाकू नकोस. हे वाकतं ते ओढणाऱ्यासाठी. ओझ्यानं वाकलं तर परत सरळ होत नाही."

गिल्बर्टने मान डोलावली. तो तेव्हा अठराचा झाला होता, आणि त्याला सगळे सोपे वाटत होते.

त्याच वर्षी म्हातारा राजा वारला होता आणि त्याचा मुलगा गादीवर बसला होता. तोही अठरा वर्षांचाच. म्हातारा राजा जपून वागणारा, लढाई टाळणारा, तिजोरीच्या किल्ल्या उशाशी घेऊन निजणारा, असे लोक म्हणत. नव्या राजाच्या गोष्टी मात्र साऱ्या देशभर वाऱ्यासारख्या पसरल्या होत्या. तो सहा फूट उंच आहे. एका दिवसाच्या शिकारीत तो आठ घोडे दमवतो. तो गातो, नाचतो, कुस्ती खेळतो आणि धनुष्य असे ओढतो की पहाऱ्यातले भलेभले शिपाई तोंडात बोट घालतात. फार पूर्वी त्याच्या पूर्वजांनी फ्रान्सचा मोठा मुलुख जिंकला होता आणि नंतर तो हळूहळू हातचा गेला होता. तो सगळा परत मिळवायचा, नुसते नावापुरते 'फ्रान्सचे राजे' राहायचे नाही, असे या तरुण राजाने मनात धरले होते. मागच्या शतकात जी मोठी लढाई जिंकली, ती माझ्यासारख्याच धनुष्यांनी जिंकली होती. म्हणून साठीच्या आतल्या प्रत्येक पुरुषाने घरात धनुष्य ठेवावे आणि सराव करावा, असा हुकूम निघाला. पाद्रीबाबांनी तो रविवारी प्रार्थनेनंतर वाचून दाखवला.

मग दर रविवारी दुपारी सगळे गाव माळावर जमू लागले. मातीचे दोन ढिगारे रचून त्यांच्यावर नेम धरायचा. माळाच्या कडेला मार्जरी नावाची विधवा जवाची बिअर विकायला बसे. ती स्वतः घरी बिअर बनवत असे, आणि पाच कोसांत तिच्या बिअरचे नाव होते. तिच्या जिभेचेही होते.

"राजा अन् मी एकाच उन्हाळ्यातले," गिल्बर्ट मोठ्या ऐटीत म्हणाला.

"हो का?" मार्जरी पेला भरता भरता म्हणाली. "मग एकाला गादी मिळाली अन् दुसऱ्याला शिडी, असं कसं रे झालं?"

सगळे हसले. गिल्बर्टही हसला. त्याचे लक्ष मार्जरीच्या मुलीकडे, एमटकडे होते. पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि मार्जरी त्याची सासू झाली. मग तर तिच्या बोलण्याला धारच आली. तिचे छप्पर दोन ठिकाणी गळत होते आणि जावई छपरे शाकारणारा. "आमच्या जावयाला समुद्रापलीकडचा फ्रान्स दिसतो," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "सासूच्या चुलीवर पडणारं पाणी नाही दिसत."

"सुगी झाली की करतो, आई."

"मागच्या सुगीलाही हेच बोलला होतास."

एमटचा धाकटा भाऊ वॅट हा मेंढ्या राखत असे. सदा शीळ घालणारा, सदा हसरा. त्याचा बाप जुन्या राजाच्या वेळी बंडखोरांशी लढायला गेला तो परत आलाच नव्हता. वॅटला बाप आठवतही नव्हता. गिल्बर्टच्या मागे मागे तो असे, त्याला दाजी दाजी म्हणून भंडावून सोडी. गिल्बर्टने त्याला धनुष्य धरायला शिकवले. त्याचा नेम काही बसला नाही. एकदा त्याचा बाण ढिगारा सोडून थेट पाद्रीबाबांच्या गाजरांच्या वाफ्यात जाऊन रुतला. "फ्रेंच लोक गाजरात लपले होते, दाजी!" तो ओरडला आणि सगळ्या माळाची हसून मुरकुंडी वळली.

सराव संपला की ते दोघे गवतात बसत. गिल्बर्ट माझी दोरी उतरवी, लोकरीच्या फडक्याने मला पुसे आणि ऐकलेल्या गोष्टी वॅटला सांगे. राजा कसा आहे, तो काय काय करणार आहे, त्याच्याबरोबर समुद्रापलीकडे जाणाऱ्यांची नावे कशी राहतील. वॅट मेंढ्या विसरून ऐकत राही. मित्रांनो, त्या गोष्टी ऐकताना मलाही माझ्या लाकडाचा फार अभिमान वाटे. आपण कुणाच्या तरी अंगणात उभे राहायला जन्मलो नाही, आपल्याला इतिहासात जायचे आहे, असे मलाही वाटू लागले होते.

राजा गादीवर बसल्याला तीन वर्षे होत आली, आणि वसंत ऋतूत भरतीचा अधिकारी गावात आला. ॲशकोममधून दोन धनुर्धर हवे होते. गिल्बर्टचे नाव आपोआपच आधी लागले. दुसरा म्हणून गिरणीवरच्या गड्याला पुढे केले, पण तो गुडघ्याने अधू निघाला. अधिकारी यादीवर बोट ठेवून थांबला. तेवढ्यात वॅट गर्दीतून पुढे झाला.

"मी येतो. दाजी जातोय तर मीही जातो."

"नेम कसा आहे याचा?" अधिकाऱ्याने गिल्बर्टला विचारले.

त्या क्षणी गिल्बर्टने खरे सांगितले असते, तर पुढचे काहीच झाले नसते. मी त्याच्या मुठीत होते. वॅट त्याच्याकडे डोळे लावून उभा होता.

"चांगला आहे," गिल्बर्ट म्हणाला.

त्या संध्याकाळी एमट दारात उभी होती. त्यांची वर्षाची मुलगी सिबिल तिच्या कडेवर होती. ती एवढेच म्हणाली, "तुला जायचंच होतं. तो कशाला?" गिल्बर्ट माझी दोरी गुंडाळत राहिला.

निघायच्या दिवशी मार्जरी वेशीपर्यंत आली. तिने बिअरचे एक लहान पिंप वॅटच्या पाठीवर बांधले, दोनदा सोडून दोनदा पुन्हा बांधले. मग ती गिल्बर्टकडे वळली.

"माझी पोरगी नेलीस तेव्हा मी काही बोलले नाही. आता पोरगा नेतोयस."

"मी त्याला परत आणीन, आई."

"शब्द देऊ नकोस. आण."

पिंप साउदॅम्प्टनच्या बंदरात पोहोचायच्या आतच रिकामे झाले. बंदरात हजारो माणसे, शेकडो झेंडे आणि जहाजेच जहाजे होती. मी माझ्यासारखी इतकी धनुष्ये एका जागी कधी पाहिली नव्हती. जहाज सुटल्यावर वॅट कठड्याला धरून ओकत होता आणि ओकण्याच्या मधल्या वेळात गात होता.

आम्हाला फ्रान्सचा दक्षिणेकडचा प्रांत जिंकायचा होता. पण जहाजे लागली ती त्याच्या शेजारच्या राजाच्या मुलखात. तो राजा आमच्या राजाचा सासरा आणि मित्र. त्याच्याकडून घोडे आणि तोफा यायच्या, मग सगळ्यांनी मिळून सरहद्दीची नदी ओलांडायची, असे ठरले होते. नदी काही फार रुंद नव्हती. गिल्बर्टने माझ्यावरून बाण सोडला असता तर तो पलीकडच्या काठावर पडला असता. पहिल्या आठवड्यात सगळे रोज सकाळी तयार होऊन बसत.

"आज ओलांडायची का?" वॅट विचारी.

"उद्या," आमच्या तुकडीचा नायक सांगे. तो कपाळाला कायम आठ्या घातलेला, पण मनाचा वाईट नसलेला माणूस होता.

उद्या उजाडे आणि नायक पुन्हा उद्या म्हणे. जून गेला, जुलै गेला. घोडे आले नाहीत, तोफा आल्या नाहीत. पाऊस मात्र आला. त्या डोंगरांत पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस थांबत नाही. तंबू सरदारांपुरतेच होते. शिपाई झुडपांखाली, चिखलात निजू लागले. जवाची बिअर कुठेच मिळेना. तिथली आंबट सफरचंदाची दारू आणि गरम वाईन आमच्या माणसांच्या पोटाला सोसेना, आणि मांस सगळे लसणात घोळलेले. आधी कुरकुर सुरू झाली, मग भांडणे, आणि मग हगवण. साधी नव्हे, रक्ताची. रोज सकाळी काही माणसे उठत नसत.

ऑगस्टच्या शेवटी वॅट आजारी पडला.

दोन दिवस त्याने हसण्यावारी नेले. "आईनं पिंप भरून दिलं होतं, ते आता व्याजासकट बाहेर काढतोय," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याला उठता येईना. पाऊस धो धो पडत होता आणि तो एका झुडपाखाली थरथरत पडला होता. गिल्बर्ट त्याच्याकडे पाहत उभा राहिला. मग त्याने तोंडावरचे पाणी निपटले आणि डोंगराकडे निघाला.

तो नेच्यांचे भारे घेऊन परत आला. नेचे पेंढ्यासारखेच शाकारता येतात. मेढींसाठी, म्हणजे छपराच्या टेकूंसाठी, त्याने झुडपांच्या दोन फाट्यांच्या फांद्या, दुबेळक्या, तोडल्या. पण त्यांच्यावरच्या आडव्या आढ्यासाठी लांब, सरळ, भार सोसेल असे लाकूड हवे होते. हजारो माणसांनी दोन महिने सरपण तोडून त्या सगळ्या काठावर मनगटाएवढी फांदी शिल्लक ठेवली नव्हती. गिल्बर्टने इकडे तिकडे पाहिले. वॅटचे धनुष्य आखूड आणि बारीक होते, म्हणून त्याने लोकरीच्या पिशवीतून मला बाहेर काढले.

त्याने मला काही क्षण दोन्ही हातांत आडवे धरले. बार्नबीचे शब्द त्याला आठवत होते, हे मला ठाऊक आहे. त्याच्या बोटांवरून कळत होते. मग त्याने मला दोन दुबेळक्यांवर ठेवले.

नायक धावत आला. "अरे, हे काय? राजाचं हत्यार आहे ते! वाकलं तर कुणाला तोंड दाखवशील?"

"राजाला लागलं की काढून देतो," गिल्बर्ट म्हणाला. "उद्या लागणार आहे का?"

नायकाने खाली वाकून एक भारा उचलला आणि गिल्बर्टच्या हाती दिला.

मित्रांनो, मी चार हात उंच, आणि माझ्या पाठीवर ओल्या नेच्यांचे थरावर थर. पहिल्या दिवशीच मी मधोमध खचले. यूच्या आतल्या थराला दाब सोसायची सवय असते, पण ती क्षणभराचीच. बाण सुटला की सुटका होते. इथे सुटका नव्हती. पाणी मुरत होते आणि भार वाढत होता. पण माझ्याखाली कोरडे होते. चार हात जागा, पण कोरडी. ते छप्पर शाकारले होते गिल्बर्टने, त्यातून एक थेंब आत आला नाही.

वॅट माझ्याखाली अठरा दिवस निजला. गिल्बर्ट त्याला धुई, पाणी उकळून पाजी, त्याच्यासाठी मैलभर जाऊन पेंढा बदलून आणी. मध्ये एकदा त्याला जरा बरे वाटले. त्या दिवशी पाऊसही थांबला होता. तो वर माझ्याकडे पाहत म्हणाला, "दाजी, तुझं धनुष्य बघ. आईच्या छपरासारखं झालंय."

"गेलो की पहिलं तेच करतो."

"सुगी झाली की?" वॅट म्हणाला, आणि दोघेही हसले. त्यानंतर मी त्यांना हसताना ऐकले नाही.

दोन दिवसांनी, सकाळी, त्याने गिल्बर्टचा हात धरला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "घरी काय सांगशील?"

"तूच सांग की काय सांगायचं ते. आपण बरोबरच जाणार."

"नको रे. ऐक. आईला सांग, लढाईत गेला. नदी ओलांडताना म्हण. चिखलात हगून मेला असं नको सांगू. बाबा लढाईत गेले तर ती अजून मान वर करून सांगते. सांगशील?"

"सांगीन."

"शपथ?"

"शपथ."

दुपारी वॅट गेला. गिल्बर्टने त्याला डोंगराच्या बाजूला, उंचावर, जिथे पाणी साचणार नाही अशा जागी पुरले. नायकाने कुदळ दिली आणि स्वतःही खणले. वॅटचे धनुष्य त्याच्याजवळच ठेवले. त्या धनुष्याने पाद्रीबाबांची गाजरे तेवढी मारली होती. मग गिल्बर्टने झोपडीचे छप्पर उतरवले आणि मला हातात घेतले. दोरी चढवून त्याने मला एकदा ओढून पाहिले. मी कण्हले. दोरी सैल पडली. माझ्यातला जोर गेला होता.

ऑक्टोबरात शिपायांनी एकमुखाने सांगितले की आम्ही आता थांबत नाही. सरदारांनी समजावले, दरडावले, पण कुणी ऐकले नाही. जहाजे परत निघाली. त्या सगळ्या मोहिमेत आम्ही ती नदी एकदाही ओलांडली नाही. राजा भयंकर संतापला आहे, हे बंदरातच कळले. ज्या रस्त्याने जाताना लोकांनी फुले टाकली होती, त्याच रस्त्याने येताना कुणीतरी ओरडले, "काय हो, बाण परत आणलेत का मोजून?" गिल्बर्टने मला कोटाखाली लपवायचा प्रयत्न केला, पण इतके लांब लाकूड कुठे लपते?

मार्जरी दारातच उभी होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा त्याच्या मागच्या रस्त्याकडे. रस्त्यावर कुणी नव्हते.

गिल्बर्टने टोपी काढली. वाटभर त्याने तेच वाक्य घोकले होते. "आई, वॅट लढाईत गेला. आम्ही नदी ओलांडत होतो तेव्हा—"

"लढाई झालीच नाही म्हणतात," मार्जरी म्हणाली.

गिल्बर्टने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"बाजारात सगळे हेच सांगतात. एकही बाण सुटला नाही म्हणतात. खोटं आहे का ते?"

गिल्बर्टला ना खोटे बोलता आले, ना शपथ मोडून खरे सांगता आले. मग मार्जरीने दार लावून घेतले.

खरे त्याने एमटला सांगितले. तिच्या मांडीवर डोके ठेवून सांगितले, नेम चांगला आहे म्हटल्यापासून कुदळ परत देईपर्यंत सगळे. एमटने ते आईला कधी सांगितले, मला ठाऊक नाही. सासू जावयाशी बोलली मात्र नाही. तो सगळा हिवाळा ती बोलली नाही. डिसेंबरच्या कडाक्यात गिल्बर्टने तिचे छप्पर शाकारले, पूर्ण, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याची बोटे फुटून रक्त येत होते. खालून ती शिडीजवळून जाई-येई, पण वर पाहत नसे. काम संपले त्या दिवशी त्याने शिडी उचलली आणि तो घरी आला. मला त्याने कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवले होते.

वसंत आला, आणि भरतीचा अधिकारी पुन्हा आला. या वेळी राजा स्वतः जाणार होता. मागच्या वर्षीची बदनामी त्याला धुऊन काढायची होती. अधिकारी नवा होता, तरणा, चकचकीत बुटांचा. सगळे पुरुष आपापली धनुष्ये घेऊन माळावर उभे राहिले. त्याने मला गिल्बर्टच्या हातातून घेतले आणि उंच धरून सगळ्यांना दाखवले.

"हे काय आहे? धनुष्य की बैलाचं जू?" मग त्याने यादीत नाव पाहिले. "अच्छा, गेल्या वर्षी पळून आलेल्यांतला तू. धनुष्य वाकवून आलास म्हणजे पुन्हा कुणी बोलावणार नाही, असा विचार होय?"

गिल्बर्ट खाली मान घालून उभा होता. कुणी हसले नाही. आणि मग माळाच्या कडेहून मार्जरी आली. हातातला पेला तिने तसाच आणला होता. तो तिने गवतावर ठेवला आणि अधिकाऱ्याच्या हातून मला काढून घेतले. तिचे हात मला पहिल्यांदाच लागत होते. ते थंड आणि ओले होते.

"साहेब, हे कशानं वाकलं ते मी सांगते," ती म्हणाली. "माझा पोरगा याच्याखाली अठरा दिवस निजला. राजाच्या त्या मोठ्या मोहिमेत माझ्या पोराला एवढंच छप्पर मिळालं. अन् ते या माणसानं घातलं. पळून आला म्हणायचं असेल तर मला म्हणा. मी त्याला 'आण' म्हणाले होते, 'मर' नव्हते म्हणाले."

लांबून मेंढ्यांचे ओरडणे ऐकू येत होते. अधिकाऱ्याचे कान लाल झाले. तो मनाने दुष्ट नसावा. पण त्याच्याजवळ यादी होती. "त्याला सरकारी धनुष्य मिळेल," तो हळू आवाजात म्हणाला आणि त्याने गिल्बर्टच्या नावापुढे खूण केली.

गिल्बर्ट गेला. मी गेले नाही. मार्जरीने मला आपल्या घरी नेले.

त्या वर्षी राजा जिंकला. फ्रान्सची दोन शहरे पडली. बातमी आली तेव्हा गावोगाव होळ्या पेटल्या, घंटा वाजल्या. गिल्बर्ट हिवाळ्याच्या तोंडावर परत आला. त्याचा डावा पाय लंगडत होता आणि तो फारसा बोलत नसे. माणसे उत्साहाने विचारीत, "राजाला पाहिलंस का रे?"

"पाऊस होता," तो म्हणे. "काही दिसलं नाही."

माझ्यावर मार्जरी कपडे वाळत घाली. कधी मी दाराला टेकवलेला अडसर झाले, कधी वालाच्या वेलाचा आधार. मला त्याचे वाईट वाटले नाही. ती जाता-येता माझ्यावरून हात फिरवी, आणि वर्षातून एकदा, सप्टेंबरात, मला मेण लावी. ती तारीख तिला कुणी सांगितली होती, हे मला ठाऊक होते. कारण त्या दिवशी गिल्बर्टही येऊन गुपचूप तिच्या अंगणात बसे आणि ती त्याला पेला भरून देई.

अशी पाच-सहा वर्षे गेली. एका रविवारी पाद्रीबाबांनी वाचून दाखवले की आपल्या राजाने फ्रान्सच्या राजाशी तह केला आहे आणि जिंकलेल्या दोन शहरांतले एक त्याला परत देऊन टाकले आहे. दुसरे तर जिंकले तेव्हाच पाडून टाकले होते. लोक घरी गेले. मार्जरी अंगणात माझ्याशेजारी बाकावर बसली. तिला आता कमी ऐकू येत असे. गिल्बर्ट लंगडत आला.

"काय वाचत होते रे पाद्रीबाबा?" तिने विचारले. "कुठलं शहर?"

"आम्ही घेतलं होतं ते, आई. राजानं परत दिलं."

"परत दिलं?"

"हो."

तिने रस्त्याकडे पाहिले. मग म्हणाली, "असं परत देता येतं होय?"

गिल्बर्टने तिचा हात हातात घेतला. तिने तो सोडवला नाही.

मित्रांनो, ती दोघेही आता यूच्या सावलीला आहेत, आणि मी सिबिलच्या मुलांच्या हाती आले आहे. पाहुणे आले की मुले मला दाखवतात आणि पाहुणे विचारतात, हे किती लांब मारत असे? तुम्हीही कधी कुठे जुने धनुष्य, जुनी तलवार पाहाल. तिला धूळ लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, एवढे मी मागेनच. आम्हा लाकडा-लोखंडाला दुसरे काय हवे असते? पण तिच्यासमोर उभे राहाल तेव्हा आणखी एक विचारा. ही ज्याच्या हातात होती, त्याचे नाव काय होते, आणि घरी त्याची वाट कोण पाहत होते? आमच्या तुकडीतल्या एकाचे नाव मी तुम्हाला सांगून ठेवते. वॅट. तो मेंढ्या राखत असे आणि फार छान शीळ घाली.